दुसरी वाट चालती हवी

उज्जैन हे कालगणनेचे नगर. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितात याच नगरीवरून जाणारी रेषा मध्यरेषा मानली जात असे, आणि सवाई जयसिंहाने उभारलेली वेधशाळा आजही तेथे उभी आहे. परंतु ज्या नगरीने काळ मोजला, त्या नगरीत सर्व व्यवहार थांबले आहेत असा प्रहर मात्र सापडणे कठीण. महाकालेश्वराची भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास होते, आणि तिच्यासाठी येणाऱ्या भाविकांची वर्दळ मध्यरात्रीनंतरच सुरू होते. रेल्वे स्थानकावर रात्रभर गाड्या येत-जात असतात. इस्पितळाला तर रात्र अशी नसतेच.

या सर्व व्यवहारांच्या पाठीशी आता संगणक आहे. आरतीची आगाऊ नोंदणी, रेल्वेचे आरक्षण, रुग्णाचा तपासणी अहवाल, चौकातील कॅमेऱ्याने टिपलेले चित्र, या साऱ्या गोष्टी कोठे तरी साठविलेल्या असतात आणि क्षणार्धात पुढे आणाव्या लागतात. हे 'कोठे तरी' बहुधा त्या गावात नसतेही. २०१८ साली मध्य प्रदेशातील सात शहरांच्या नागरी सेवांसाठी एक सामायिक केंद्र भोपाळ येथे सुरू करण्यात आले. त्या सात शहरांत उज्जैन आहे. रेल्वेच्या आरक्षणाची देशातील पाच संगणककेंद्रे १९९९ साली एकमेकांस जोडली गेली, त्यांतील एक मुंबईचे. खिडकीपुढे उभ्या असलेल्या उतारूस जे उत्तर मिळते, ते असे शेकडो मैलांवरून आलेले असते. अशा केंद्रांना डेटा सेंटर असे म्हणतात. तेथील एखादे यंत्र बिघडले, तर सेवा न थांबविता ते बदलावयाचे कसे, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशाळेतील वाटतो; पण त्याचे उत्तर चुकले, तर त्याचा भुर्दंड खिडकीपुढच्या माणसाला भरावा लागतो.

डेटा सेंटरमध्ये मुख्यतः तीन प्रकारची यंत्रे असतात. पहिला प्रकार सर्व्हरचा, म्हणजे हिशेब करणाऱ्या संगणकांचा. दुसरा साठवणीच्या कपाटांचा. सर्व नोंदी, चित्रे व खातेवह्या यांत ठेवलेल्या असतात. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधल्या दुव्याचा. त्यालाच स्विच म्हणतात. या शब्दाने घरातील दिव्याचे बटण डोळ्यांपुढे येईल, पण येथे अर्थ वेगळा आहे. रेल्वेच्या यार्डात सांधेवाला जे काम करतो, तेच काम हे यंत्र करते. कोणत्या सर्व्हरकडून आलेली मागणी कोणत्या कपाटाकडे न्यावयाची आणि तिचे उत्तर कोणत्या रुळावरून परत आणावयाचे, हे सांधे ते सेकंदाला लक्षावधी वेळा बदलीत असते. हे रूळ काचेच्या तंतूंचे असतात आणि त्यांवरून प्रकाशाच्या रूपाने माहिती धावते. ज्या गाभ्यातून हा प्रकाश जातो, तो काही प्रकारच्या तंतूंत पन्नास मायक्रॉनांचा, तर काहींत अवघ्या नऊ मायक्रॉनांचा असतो. तंतूच्या तोंडाशी बसलेला, डोळ्यांना न दिसणारा धुळीचा एक कणही तेथे वाट अडवू शकतो.

हा दुवा तुटला म्हणजे काय होते? सर्व्हर जागा असतो, साठवणीतील एकही नोंद पुसली गेलेली नसते, पण दोघांची भेट होत नाही. सर्व्हर काही काळ वाट पाहतो. ही मुदत सामान्यतः अर्धा-एक मिनिट असते. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर साठवण हरवली असे तो धरून चालतो. खातेवह्या सांभाळणारी प्रणाली अशा वेळी, अर्धवट नोंद होऊन घोळ होऊ नये म्हणून, स्वतःच काम थांबविते. नंतर दुवा पुन्हा जुळला तरी ती लगेच उभी राहत नाही. कोणती नोंद पुरी झाली होती व कोणती अपुरी राहिली, हे तिला आधी तपासावे लागते, आणि या तपासणीत कित्येक तास जाऊ शकतात. यास्तव एका मिनिटाचा खंड म्हणजे एका मिनिटाचीच गैरसोय, हे गणित येथे लागू पडत नाही.

म्हणून शहाणा रचनाकार प्रत्येक सर्व्हरपासून साठवणीपर्यंत दोन स्वतंत्र वाटा ठेवतो. सर्व्हरला दोन जोडण्या, मध्ये दोन वेगळी जाळी, प्रत्येक जाळ्याचे स्वतःचे स्विच, आणि साठवणीच्या कपाटालाही दोन दारे. पहिल्या जाळ्याची तार दुसऱ्या जाळ्यास कोठेही लागता कामा नये. कारण एकातील गोंधळ दुसऱ्यात पसरू नये, हाच या रचनेचा हेतू. सर्व्हरमध्ये एक छोटी प्रणाली बसविलेली असते. ती दोन्ही वाटांवर लक्ष ठेवते आणि एक बंद पडली की सर्व वाहतूक दुसरीवरून नेते.

उज्जैनच्या रहिवाशांस ही योजना क्षिप्रा नदीवरून सहज कळेल. पात्रालगतची छोटी रपट, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला फरशी पूल म्हणतात तो, पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि लोक उंच पुलाने जातात. मात्र त्यासाठी तीन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. उंच पूल खरोखर उघडा असला पाहिजे. दोन पुलांचा भार तो एकट्याने पेलू शकला पाहिजे. आणि ज्या पाण्याने रपट बुडाली, त्याच पाण्यात तोही बुडता कामा नये. या तिहींपैकी एक जरी खोटी ठरली, तरी कागदावर दोन पूल असून प्रत्यक्षात एकही नाही, अशी अवस्था होते. स्विच बदलण्याचे सारे शास्त्र या तीन गोष्टींच्या पडताळणीत सामावलेले आहे.

स्विच एकाएकी पूर्णपणे बंद पडला, तर ते एक प्रकारे बरेच म्हणावयाचे. सर्व्हरला ते तत्काळ कळते आणि तो दुसरी वाट धरतो. खरे संकट असते ते अर्धवट बिघडलेल्या स्विचचे. त्याचे एखादे दार क्षणभर चालते, क्षणभर अडते. एखाद्या काचतंतूतून प्रकाश क्षीण येतो आणि माहितीचे तुकडे पुनःपुन्हा पाठवावे लागतात. वाट उघडी आहे अशी सर्व्हरची समजूत होते, तो तिच्यावर ओझे टाकतो, ते अडकते, तो दुसरीकडे वळतो, आणि पहिली पुन्हा उघडलेली दिसताच परत तिकडे येतो. काम बंद पडत नाही, पण रांगत चालते. खिडकीवरचा कारकून 'आज यंत्र संथ आहे' असे म्हणतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा असेच एखादे अर्धमेले उपकरण असते. कुशल तंत्रज्ञ यामुळेच प्रत्येक दाराशी होणाऱ्या चुकांची मोजणी रोज पाहतो. चुका वाढू लागल्या की स्विच मरण्याची वाट न पाहता तो स्वतःच्या निवडलेल्या वेळी बदलून टाकतो.

ही वेळ कोणती निवडावी? सेवा वर्षातून शंभरांपैकी ९९.९ भाग चालू राहील, असे वचन दिले, तर वर्षात सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा मिळते. तेच वचन ९९.९९९ भागांचे असेल, तर ही मुभा सव्वापाच मिनिटांवर येते. यामुळे सेवा अजिबात न थांबविण्याची रचना करावी लागते. तरीही ज्या कामांत थांबण्यावाचून गत्यंतर नसते, तेथे आधी सांगून थांबणे हाच राजमार्ग होय.

याचे चांगले उदाहरण रेल्वेने घालून दिले आहे. आरक्षणाची यंत्रणा रोज मध्यरात्रीच्या सुमारास थोडा वेळ बंद ठेवण्याची प्रथा जुनीच आहे. कोरोनाच्या साथीनंतर २०२१ च्या नोव्हेंबरात गाड्यांचे क्रमांक पूर्ववत करावयाचे होते आणि जुन्या-नव्या नोंदींचा फार मोठा साठा बदलावयाचा होता. हे काम एका दमात उरकण्याचा मोह रेल्वेने टाळला. १४-१५ नोव्हेंबरच्या रात्रीपासून २०-२१ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत सात रात्री, प्रत्येकी साडेअकरा ते पहाटे साडेपाच, असे सहा-सहा तास आरक्षण बंद राहील, हे आधी जाहीर करण्यात आले. त्या वेळात सुटणाऱ्या गाड्यांच्या याद्या अगोदरच तयार करण्याची सूचना देण्यात आली. चौकशीची दूरध्वनिसेवा चालू ठेवण्यात आली. गर्दीची वेळ टाळणे, काम तुकड्यांनी करणे, लोकांस आधी सांगणे आणि बंद काळातील अत्यावश्यक कामाची पर्यायी सोय करून ठेवणे, ही चारही पथ्ये या एका उदाहरणात एकत्र सापडतात.

उज्जैनसारख्या ठिकाणी मात्र घड्याळाबरोबर पंचांगही पाहावे लागते. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ २०१६ साली २२ एप्रिल ते २१ मे या काळात पार पडला. पुढचा २०२८ साली आहे. श्रावणातील सोमवार, महाशिवरात्र, नागपंचमी हे दिवस वेगळेच. अशा पर्वकाळात चालत्या यंत्रणेतील खिळाही हलवावयाचा नाही, असा नियम जाणती माणसे पाळतात. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळून काही भाविकांचे प्राण गेले. अशा घटकेला कॅमेऱ्यांची चित्रे, रुग्णवाहिकांचे निरोप व इस्पितळांच्या नोंदी एका मिनिटासाठीही अडून चालणार नाही. तेव्हा बिघडू पाहणारे उपकरण पर्वाच्या कित्येक महिने आधी बदलून टाकणे, हे व्यवस्थेचे कर्तव्य ठरते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम आता पाहू जाता, त्यातील बहुतेक भाग जुन्या स्विचला हात लावण्यापूर्वीचा आहे असे दिसून येईल. प्रथम जुन्या स्विचची संपूर्ण मांडणी उतरवून ती अन्यत्र ठेवतात. कोणत्या सर्व्हरने साठवणीचा कोणता भाग पाहावा, याची परवानगीची यादी तीत असते. तसाच जाळ्यातील त्या स्विचचा स्वतःचा क्रमांकही असतो. नंतर प्रत्येक तारेला दोन्ही टोकांस चिठ्ठी बांधतात आणि जोडणीची छायाचित्रे घेतात. शेसव्वाशे सारख्याच दिसणाऱ्या तारांत एक जरी चुकीच्या दारात गेली, तरी एखादा सर्व्हर परक्या कपाटाचे दार ठोठावीत बसतो.

नवा स्विच आधी बाजूला चालवून पाहतात. त्यातील कार्यप्रणालीची आवृत्ती जाळ्यातील इतर स्विचांशी जुळती करून घेतात. तो पूर्वी अन्यत्र वापरलेला असेल, तर त्यातील जुनी मांडणी पुसून टाकणे अगत्याचे असते. तशी ती राहून गेली आणि स्विच जाळ्यास जोडला, तर दोन परवानगी याद्यांचा संघर्ष होऊन जाळे दुभंगण्याची किंवा चालती यादी बिघडण्याची भीती असते. दोन स्विचांस एकच क्रमांक असला तरीही हाच प्रसंग ओढवतो.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत सर्वांत अधिक वेळा वगळली जाणारीही हीच. प्रत्येक सर्व्हरवर जाऊन त्याच्या दोन्ही वाटा खरोखर चालू आहेत काय, हे पाहावयाचे. सर्व्हर शंभर असतील तर शंभरही पाहावयाचे. कारण असे हटकून आढळते की, त्यांतील दोन-तीन सर्व्हरची दुसरी वाट कधीकाळी बंद पडलेली असते आणि कोणाच्या ते ध्यानातही आलेले नसते. तार सैल झालेली असते, परवानगीच्या यादीत नाव राहून गेलेले असते, किंवा बसविताना दुसरी जोडणी 'नंतर करू' म्हणून सोडलेली असते. पहिली वाट सुरळीत असेपर्यंत हा दोष मुका राहतो, आणि पहिला स्विच काढताच एकदम बोलू लागतो. त्याचबरोबर एकेका वाटेवरील भारही मोजतात. दोन्ही वाटा प्रत्येकी निम्म्याहून अधिक भरलेल्या असतील, तर एकीवर सारा भार पडताच तीही गुदमरेल.

एवढे झाले म्हणजे जुन्या स्विचची वाट आधी सर्व्हरच्या प्रणालीतून सावकाश बंद करतात. तार उपटून काढणे आणि वाहतूक वळवून मग रस्ता बंद करणे, यांत जो फरक आहे तोच येथे. सर्व काम दुसऱ्या वाटेने चालले आहे, अशी खात्री पटली की थोडा वेळ थांबतात. कोणाची तक्रार नाही, कोठे संथपणा नाही, हे पाहतात. मगच स्विच उतरवितात, नवा बसवितात, उतरवून ठेवलेली मांडणी त्यात भरतात, तारांची टोके स्वच्छ पुसून एकेक दार उघडतात. प्रत्येक दाराशी प्रकाश पुरेसा येतो काय, चुकांची मोजणी शून्यावर स्थिर आहे काय, हे पाहूनच पुढच्या दाराकडे वळतात. काही विपरीत दिसले तर कोणत्या क्षणी माघार घ्यावयाची आणि ती कोणत्या क्रमाने, हेही आधीच लिहून ठेवलेले असते. रात्री तीन वाजता थकलेल्या माणसाने तो निर्णय नव्याने करावा, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होय.

दुसऱ्या जाळ्यातील स्विचही बदलावयाचा असेल, तर तो त्याच रात्री बदलत नाहीत. नवा स्विच निदान काही दिवस पूर्ण भाराखाली निर्दोष चालल्याचे पाहावे लागते. कारण नवी उपकरणेही आरंभीच्या काळात दगा देतात. दोन्ही एकाच रात्री बदलून एक फेरी वाचविणाऱ्याने आपला परतीचा मार्ग स्वतःच्या हाताने मोडलेला असतो.

ही सारी सावधगिरी अतिरेकाची वाटत असेल, तर मुंबईतील एक घटना आठवावी. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील व्यवहार सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी थांबवावे लागले. ते पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालला. एक्स्चेंजने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुंबईतील मुख्य केंद्र व जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणारे दुवे एकाच नव्हे, तर दोन स्वतंत्र दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेले होते. पण त्या दोन केंद्रांमधील रस्त्यावर चाललेल्या खोदकामामुळे व बांधकामामुळे दोन्ही कंपन्यांचे दुवे अस्थिर झाले. त्यात साठवणीचे जाळे अनपेक्षितपणे वागले आणि मुख्य केंद्रातील सर्व्हरांस त्यांच्याच शेजारची साठवण दिसेनाशी झाली. जोखीम सांभाळणारी यंत्रणा आंधळी झाल्यावर बाजार चालू ठेवणे शक्य नव्हते.

या घटनेत वर सांगितलेल्या तिन्ही अटींची कसोटी लागलेली दिसते. कंपन्या दोन होत्या, पण कुदळ दोघींनाही एकाच वेळी बाधली. म्हणजे रपट आणि पूल एकाच पाण्याखाली गेले. दूरचा दुवा तुटला तरी मुख्य केंद्रातील काम अडू नये, ही अपेक्षाही प्रत्यक्षात उतरली नाही. कागदावरील रचना आणि खरी वागणूक यांतील हे अंतर शांतपणाच्या दिवशी मुद्दाम वाट तोडून पाहिल्याखेरीज कळत नाही. याच कारणास्तव चांगल्या केंद्रांत अशी रंगीत तालीम ठराविक काळाने होते, आणि तिच्यात सापडलेला दोष हा अपयश न मानता लाभ मानला जातो.

येथे एक भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. साठवणीकडे जाणाऱ्या दोन वाटा असणे ही एक गोष्ट, आणि साठवणीच्या दोन प्रती असणे ही दुसरी. दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता आग लागली आणि सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. सरकारी नोकरांची कागदपत्रे ज्या एका साठवणीत होती, तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती, आणि ती कागदपत्रे गेली. घरच जळाल्यावर त्याकडे जाणाऱ्या वाटा दोन असल्या काय आणि दहा असल्या काय! देखभालीच्या कामास हात घालण्यापूर्वी दूरच्या ठिकाणी ताजी प्रत आहे व ती उघडते, हे पाहणे म्हणूनच क्रमाने पहिले ठरते.

स्विच उतरवून नवा बसविण्याचे प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचे. त्यापूर्वीची तयारी कित्येक आठवड्यांची. काम नीट पार पडले तर त्याची बातमी होत नाही. पहाटे चारला महाकालाच्या दारी उभ्या असलेल्या भाविकाचे नाव यादीत सापडते, रतलामकडे जाणाऱ्या उतारूस तिकीट मिळते, इस्पितळातील डॉक्टरपुढे अहवाल येतो, आणि रात्री काही बदलले होते याची कोणाला वार्ताही नसते. पैसा खर्चणाऱ्या अधिकाऱ्याने तंत्रज्ञाला 'दुसरी वाट आहे ना?' असा प्रश्न विचारून समाधान मानण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी 'ती शेवटची चालून केव्हा पाहिली?' असे विचारावयास हवे. २०२८ च्या सिंहस्थाची तयारी ज्यांच्या हाती आहे, त्यांनी या प्रश्नाचे तारखेसह लेखी उत्तर आताच मागून ठेवावे, हे श्रेयस्कर.